मंजुळाबाई सांगायची ते

उत्तमरावांचे कान एका दिवसात गेले नाहीत. साखऱ्याच्या शिवारात हळद वाढली, तेव्हा त्यांनी हळकुंडं घासायचा लोखंडी ड्रम घेतला. शिमगा झाला की ड्रम ट्रॅक्टरला जोडून गावोगाव न्यायचा, आणि वाळलेली हळकुंडं त्यात खडाखडा आपटत असताना दिवसभर शेजारी उभं राहायचं. रात्री उशीला डोकं टेकलं तरी कानात ड्रम फिरत राही. पुढं तो फिरायचा थांबला आणि जाताना बाकीचं सगळं घेऊन गेला. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग माणसं.

हिंगोलीहून कानाचं मशीन आणलं होतं. ते घातलं की ताटवाट्यांचा आवाज कपाळात घुसायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं कळायचं नाही. मशीन डबीत गेलं आणि त्याचं काम मंजुळाबाईकडं आलं. घरी कुणीही आलं की ती उत्तमरावांच्या बाजूला बसायची. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला की त्यांनी तिच्याकडं पाहायचं, मग ती तोंड उघडून, ओठ सावकाश हलवून दोन-तीन शब्दांत सांगायची, "तुरीचं इचारून राहिले." "चहा नको म्हणतेत." उत्तमराव उत्तर द्यायचे, माणूस मान हलवायचा. व्यवहार चालायचा. बायको सांगते ते समोरच्यानं म्हटलेलंच असणार, यात शंका घ्यायचं कारण त्यांना कधी पडलं नव्हतं.

दिवाळीला त्यांची लेक साधना आली. नांदेडला एका दवाखान्यात ती नर्स होती. तिनं बापाला नवा फोन आणला आणि त्यात एक सोय करून दिली. फोन समोर ठेवायचा, कुणी बोललं की बोललेलं मराठीत स्क्रीनवर उमटतं. ती स्वतःच बोलून दाखवायला लागली आणि उत्तमरावांच्या डोळ्यांसमोर अक्षरं पळायला लागली : "बाबा हे तुमच्यासाठी आहे आता आईला सारखं बोलवायचं काम नाही."

उत्तमरावांना गंमत वाटली. साधना घरात "बा" म्हणायची, "माय" म्हणायची. फोनमध्ये शिरलं की "बाबा" आणि "आई" होऊन निघायचं. सगळा साखरा मास्तरकी शिकून आल्यासारखा बोलायला लागला. मंजुळाबाईनं एकदा लांबूनच स्क्रीनकडं पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि चुलीकडं गेली. स्क्रीनवर आलं : "बघू किती दिवस चालतं."

साधना नांदेडला परत गेल्यावर चुलतभाऊ संतराम आला. त्याच्या पोरीचा साखरपुडा सेनगावला ठरला होता, त्याचं आमंत्रण. उत्तमरावांनी फोन मांडीवर तिरपा धरला होता, म्हणजे स्क्रीन त्यांच्याचकडं. तो चालू आहे हे संतरामला ठाऊक नव्हतं आणि मंजुळाबाईच्याही ध्यानात आलं नाही. संतराम तिच्याकडं बघून बोलत होता. अक्षरं आली :

"वहिनी साखरपुड्याला तुम्ही या दादाला कानून तकलीफ देता मंडपात डीजे राहतो."

मंजुळाबाईचा हात गुडघ्यावर आला. उत्तमरावांनी वर पाहिलं. तिनं ओठ सावकाश हलवले. "म्हणतेत, दोघंबी लवकर या. दादाशिवाय आमचं पान हलत न्हाई."

उत्तमरावांनी पुन्हा मांडीवर पाहिलं. पान नव्हतं, हलणंही नव्हतं. "येतो, येतो," ते म्हणाले आणि संतरामकडं पाहून हसले. संतरामही हसला, पण जरा घाईनं.

तो गेल्यावर मंजुळाबाईनं खुणेनं विचारलं, फोनमध्ये काही येतं का? उत्तमराव म्हणाले, "काय न्हाई. निस्त्या रेघोट्या. आपल्या गावात रेंजच न्हाई त्याला."

हे खोटं ते का बोलले, त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून फोन त्यांच्या मांडीवरच राहायला लागला. आणि त्यांच्या डोक्यात "कानून" शिरला. दादाला कानून तकलीफ देता. म्हणजे काय? कुठला कायदा, कसली तकलीफ? आपल्या पाठीमागं कोर्टकचेरीचं काही चाललंय की काय?

दोन दिवसांनी मंजुळाबाई ओसरीवर बसून साधनाशी फोनवर बोलत होती. उत्तमराव बाजेवर, डोळे मिटल्यासारखे, हाताखाली फोन. लेकीचा आवाज फोनला लागत नव्हता, तेवढी आईची बाजू उमटत होती :

"हरिश्चंद्र भाऊजी भेटले होय."

"काय म्हणाले."

"नाही नाही त्यांना कानून सांगायचं झालं गेलं."

उत्तमरावांनी फोन जवळ ओढला. हरिश्चंद्र म्हणजे हरिचंद, त्यांचा धाकटा भाऊ. वारंगा फाट्याला त्याचं टायरचं दुकान होतं. आई गेली त्या साली दोघा भावांत फाटलं, ते आजवर तसंच. लग्नाला नाही, मयताला नाही, वाटेत दिसला तर एकानं मान वळवायची. आता त्या हरिचंदचं नाव आणि कानून एकाच बोलण्यात! धुऱ्याची, शेताच्या बांधाची, केस टाकली असणार त्यानं. आणि हिला माहीत आहे. लेकीलाही माहीत आहे. बहिऱ्याला तेवढं माहीत नाही.

त्या दिवसापासून घास गोड लागेना. मंजुळाबाई भाकरी वाढताना काही म्हणाली तरी ते तिच्या ओठांकडं संशयानं बघायचे. शेजारीण कुंपणापाशी येऊन बोलली की हे गोठ्याच्या आडोशाला जाऊन फोन पुढं धरायचे. शेजारणीच्या बोलण्यातही कानून. सालगडी आला, त्याच्याही तोंडात कानून. गावात सगळ्यांना कानूनच सुचायला लागला होता.

मग एका दुपारी त्यांचा स्वतःचाच पारा चढला. जेवायला उशीर झाला होता. फोन समोर चालूच होता. ते ओरडले, "काहून गं, आज उपास हाय का माझा?"

स्क्रीनवर आलं : "कानून ग आज उपवास आहे का माझा."

उत्तमराव बघतच राहिले. पुन्हा हळूच म्हणाले, "काहून." फोननं लिहिलं, "कानून." तिसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा तेच. 'का'ला साखऱ्यात 'काहून' म्हणतात, हे साधनाच्या या शहाण्या फोनला ठाऊकच नव्हतं. उत्तमरावांना हसू आलं. आठ दिवस आपण बिनकामी कोर्टाच्या पायऱ्या चढून राहिलो होतो, त्यांना वाटलं. संतरामही एवढंच म्हणत होता, दादाला काहून तकलीफ देता.

पण हसू ओठांवर होतं तोवरच त्यांनी बोटानं स्क्रीन वर सरकवली. फोन जुनं लिहिलेलं ठेवत होता. साधनाशी झालेलं बोलणं तिथंच होतं. 'कानून'च्या जागी त्यांनी 'काहून' घालून वाचलं.

त्यांना काहून सांगायचं, झालं गेलं.

कायदा गेला, आणि त्याच्या जागी त्याहून वाईट काहीतरी येऊन बसलं. हरिचंदबद्दल काहीतरी होतं आणि ते मुद्दाम आपल्याला सांगितलं जात नव्हतं. मग त्यांचं मन मागं मागं जायला लागलं. संतराम जे बोलला नाही ते बायकोनं त्याच्या तोंडी घातलं. असं तिनं किती वेळा केलं असेल? आणि हरिचंद? आईच्या तेराव्याला अंगणात भावकी बसली होती. हरिचंद रागानं काहीतरी बोलला, माणसं हलली, मग मंजुळाबाईचा हात गुडघ्यावर आला. तिचे ओठ त्यांना आजही दिसत होते : "भाऊजी म्हणतेत, आजपासून येणंजाणं नको."

तो म्हणतो येणंजाणं नको, तर नको. उत्तमराव तिथून उठले ते उठलेच. पण हरिचंदचे शब्द त्यांनी ऐकले कुठं होते? ऐकलं होतं ते मंजुळाबाईच्या तोंडाचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर बदललं. "हिंगोलीला मोंढ्यात जाऊन येतो, हळदीचा भाव बघतो," म्हणाले. मंजुळाबाईनं विचारलं, "एकलेच? काहून?" आता हा शब्द त्यांना ओठांवरूनही ओळखू आला. "जाऊन येतो म्हणलं ना," ते म्हणाले आणि निघाले.

हिंगोलीत त्यांनी गाडी बदलली, कळमनुरीवरून पुढं वारंगा फाट्याला उतरले. हरिचंदच्या दुकानापुढं ट्रक उभा होता. हवा भरायचं मशीन चाललं होतं. हरिचंद चाकापाशी उकिडवा बसलेला. डोक्यावरचे केस गेले होते. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला, असं उत्तमरावांना दिसलं. आवाज आला नाही.

त्यांनी फोन पुढं केला. त्यात नुसता चिखल आला : "हर हर भर दादा टर भर."

"आत चल," उत्तमराव म्हणाले. "हितं माझं मशीन बहिरं व्हतंय."

मागच्या खोलीत हरिचंदनं खाट पुढं ओढली, पण तो फोनकडंच बघत होता. स्क्रीनवर आलं : "हे काय आहे रेकॉर्डिंग करतोस का."

"रेकॉर्डिंग न्हाई. तू बोल, मी वाचतो."

"कोणी दिलं वहिनीने पाठवलं का."

"तिला ठाऊकबी न्हाई मी हितं आलो."

हरिचंदचा विश्वास बसेना. त्यानं फोन स्वतःच्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, तोंडाजवळ नेऊन काहीतरी म्हणाला आणि स्क्रीन वाचली. तिथं "हरिश्चंद्र" लिहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. त्यानं फोन परत खाटेवर ठेवला. दाराशी त्याची बायको नीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. दिरासमोर, तोही थोरला, ती आजवर कधी बोलली नव्हती.

उत्तमरावांनी एकदम विचारून टाकलं. "मायच्या तेराव्याला तू मला येणंजाणं नको म्हणला व्हता का?"

"मी," फोननं लिहिलं. मग जरा थांबून, "तूच म्हणालास ना वहिनीने सांगितलं दादा म्हणतात यापुढे उंबरा चढू नको."

उत्तमरावांनी ते दोनदा वाचलं. "मी असं कधी म्हणलो न्हाई."

"मी पण नाही."

हरिचंदचे ओठ पुन्हा हलायला लागले, अक्षरं भराभर पळायला लागली. "आणि मी आलो होतो दादा तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. वहिनीने दारातूनच पाठवलं झोपलेत म्हणाली. परवा साधना भेटली तिला पण मी हेच सांगितलं."

उत्तमरावांना ते दिवस आठवले. डोळ्याला पट्टी होती, पण झोप कुठली? दिवसभर बाजेवर जागेच पडून होते. भाऊ दारातून परत गेला आणि दोन हातांवर आपण जागे! त्यांच्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं कोण बसलं होतं आपल्या शेजारी?

"मग त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "तू रागानं बोलला, ते काय व्हतं?"

स्क्रीन कोरी राहिली. हरिचंदनं मान खाली घातली. उत्तमरावांना वाटलं, फोन बंद पडला. त्यांनी तो उचलून हलवला. तेवढ्यात अक्षरं आली, आणि ती हरिचंदची नव्हती.

"मी सांगते दादा."

त्यांनी वर पाहिलं. नीलाबाई भिंतीकडं तोंड करून बोलत होती. पदराआडून बोलली तरी फोनला ऐकू येत होतं.

"लोक म्हणत होते धुऱ्याची मोजणी कशी करायची ते थोरल्याला विचारा. हे म्हणाले त्या बहिऱ्याला काय विचारता. बैलाला विचारून कोणी वाटणी करतं का."

"सगळ्या भावकीसमोर म्हणाले."

"आणि भावकी हसली."

हरिचंद तोंडावर हात घेऊन बसला होता. उत्तमरावांनी फोन बंद करून खिशात घातला. पाणी प्यायले. आणि भाऊ पाया पडायला वाकला तरी त्याच्याकडं न बघता रस्त्यावर येऊन उभे राहिले.

गाडीत त्यांना ठरवता येईना की राग कुणावर धरायचा. भावानं बैल म्हटलं. बायकोनं ते आपल्यापासून लपवलं, आणि लपवताना दोन्हीकडं खोटं बोलून भाऊच तोडला. कळमनुरी गेलं, हिंगोली आलं. मोंढ्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मंजुळाबाई सुपात उडीद पाखडत होती. उत्तमरावांनी फोन चालू करून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. "वारंग्याला गेल्तो," ते म्हणाले.

तिचं सूप थांबलं. तिनं फोनकडं पाहिलं.

"म्हणजे हे चालतं."

"पयल्या दिवसापासून चालतं."

"म्हणजे माझ्यावर पाळत ठेवली."

"तू हरिचंदला दारातून हाकलला का न्हाई, तेवढं सांग."

ती हात गुडघ्यावर ठेवायला पुढं येईल, तोंड समोर धरून दोन शब्दांत सांगेल, असं त्यांना वाटलं. ती आली नाही. उलट तिनं सूप उचललं, पाठ फिरवून बसली आणि उडीद पाखडायला लागली. त्यांना फक्त तिची पाठ आणि हलणारे खांदे दिसत होते. पण स्क्रीन भरायला लागली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी तुकड्यातुकड्यानं बोलत आली होती, त्यांना ओठ कळावेत म्हणून. आता तिला थांबायची गरज नव्हती.

"होय हाकललं. झोपलेत म्हणून सांगितलं."

"तुमची माफी मागायला आला होता. कशाची माफी. तुम्ही ऐकलं होतं का काही. ऐकलं मी."

"त्याने बैल म्हटलं ते माझ्या कानात गेलं. सगळे हसले ते माझ्या कानात गेलं. आणि सगळे हसले म्हणून तुम्ही पण हसलात."

उत्तमरावांचं बोट स्क्रीनवरच थबकलं. भावकी हलताना दिसली होती एवढं त्यांना आठवत होतं. कुणी हसलं की आपणही हसायचं, ही बहिऱ्या माणसाची सवय. त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही हसताना मला बघवलं नाही. काय सांगू मी तुम्हाला तेव्हा. भाऊ बैल म्हणतो आणि तुम्ही हसून राहिले असं सांगू. जे सुचलं ते सांगून उठवलं तिथून. आणि त्याला सांगितलं उंबरा चढू नको. ते तुमच्या नावावर सांगितलं. खोटं होतं."

"माफी मागायची तर माझ्यासमोर मागायची होती. त्याने मला विचारलंच नाही. दादाला उठव म्हणाला."

सूप थांबलं. ती पुन्हा बोलली तेव्हा अक्षरं सावकाश आली.

"आता काय फोन आहे तुम्हाला. वाचत बसा."

उत्तमरावांनी विचारलं, "मी हसलो व्हतो?" तिनं मागं न वळता मान हलवली.

पुढचे बरेच दिवस मंजुळाबाईनं त्यांना कुणाचंच काही सांगितलं नाही. माणूस आला की ती फोनकडं बोट करायची आणि आत जायची. उत्तमराव वाचायचे. कुणी म्हणायचं, "याला सांगून काय उपयोग." कुणी म्हणायचं, "म्हातारं फोन घेऊन मिरवतंय." तेही आता जसंच्या तसं यायचं. आजवर किती वेळा तिनं असं काय काय मधल्यामध्ये गिळलं असेल, हा विचार आला की ते फोन पालथा घालून ठेवायचे. आणि तरीही, माणूस उठून गेला की सरळ करून पाहायचे.

शेवटी त्यांनी हरिचंदला निरोप लिहिला. लिहायला त्यांना वेळ लागला. "तुझ्या वहिनीला भेटायला ये. माझं मागून बघू."

एका आयतवारी हरिचंद आणि नीलाबाई आले. उत्तमरावांनी त्यांना फाटकातून येताना पाहिलं. फोन आत चार्जिंगला होता. हरिचंदनं चपला काढल्या आणि तो थेट ओसरीवर मंजुळाबाईसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलायला लागले.

उत्तमराव लगबगीनं आत गेले. वायर ओढून काढली, फोन चालू केला, तो सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्तच वेळ लावत होता. बाहेर येऊन त्यांनी तो दोघांच्या मधोमध ठेवला आणि वाकून पाहिलं.

"साखर नको वहिनी मला शुगर आहे," एवढंच आलं.

हरिचंद खाटेवर बसला होता. डोळे लाल होते, पण बाहेर धूळही होती. मंजुळाबाई चुलीकडं निघाली होती. उत्तमराव तिच्या मागं गेले.

"काय म्हणला?"

ती वळली. खूप दिवसांनी तिनं तोंड त्यांच्यासमोर धरलं, ओठ सावकाश हलवले. "म्हणायचं ते म्हणला."

"पुरं सांग."

"पुरंच हाय."

त्यांनी तिचा चेहरा निरखून पाहिला. तिनं काही गाळलं होतं का, काही भरीचं घातलं होतं का, ते काही कळेना. ती पातेलं शोधायला वाकली. उत्तमराव बाहेर येऊन भावाशेजारी खाटेवर बसले. नीलाबाई पदर सावरत फोनकडं वाकली, आणि स्क्रीनवर आलं : "दादा यंदा हळद कशी आहे." ते सांगायला लागले.